अल्झायमर कॅफे
अल्झायमर कॅफे म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय आणि या विषयातील जाणकार यांचा सहसा महिन्यातून एकदा भरणारा अनौपचारिक मेळावा होय. नावात कॅफे असला तरी हे उपाहारगृह नव्हे. या आजाराविषयी पती-पत्नीदेखील एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत, हे ध्यानात आल्यावरून नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी १९९७ मध्ये लायडन येथे पहिला कॅफे सुरू केला. ब्रिटनमध्ये तो २००० साली फार्नबरो येथे पोहोचला.

आरंभी चहा-कॉफी होते. नंतर एखादा तज्ज्ञ ठरलेल्या विषयावर थोडक्यात बोलतो, किंवा रुग्णाची अथवा त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाची सर्वांसमक्ष मुलाखत घेतली जाते. मध्यंतरानंतर प्रश्नोत्तरे होतात. आजाराच्या प्रारंभिक अवस्थेत अनेक रुग्णांना आपले विसरणे जाणवत असते. मात्र घरी आणि दवाखान्यातही त्यांच्या वतीने बहुधा इतरच बोलतात. येथे रुग्ण आपली भीती स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, आणि शेजारी बसलेल्या पत्नीने वा मुलीने ती कदाचित प्रथमच ऐकलेली असते. हा मेळावा उपचारांना पर्याय नाही. निदान नुकतेच झालेल्या कुटुंबाला, त्याच वाटेवर काही वर्षे पुढे असलेली माणसे मात्र येथे भेटतात.