बीटा-रोधक औषधांचे दुष्परिणाम
अनुकंपी तंत्रिका तंत्राचे हृदयावरील उत्तेजक कार्य रोखणारी ही औषधे उच्च रक्तदाब, हृद्‌शूल, हृदयस्पंदनाची अनियमितता इ. विकारांत देतात. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रेनॅलिनाच्या ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार मानले. त्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी १९६०–७० या दशकात प्रोप्रॅनोलॉल विकसित केले.

बीटा ग्राही हृदयाप्रमाणेच श्वासनलिका, रक्तवाहिन्या, यकृत व मेंदू येथेही असतात. त्यामुळे बहुतेक दुष्परिणाम म्हणजे औषधाची मूळ क्रियाच होय. ती नको त्या ठिकाणी वा नको तितक्या प्रमाणात घडते, एवढेच. नाडी मंदावणे, थकवा, चक्कर व हातपाय गार पडणे या नेहमीच्या तक्रारी होत. वसाविद्राव्य प्रोप्रॅनोलॉल मेंदूत सहज शिरत असल्याने झोपमोड व भयस्वप्ने संभवतात. जलविद्राव्य ॲटेनोलॉलाने ती कमी आढळतात.

दमेकऱ्यांत श्वासनलिका आकुंचित होऊन प्राणावर बेतू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलाचे थेंबही याला अपवाद नाहीत. मुख्यत्वे हृदयावर कार्य करणारी मेटोप्रोलॉलासारखी औषधे त्यामानाने सुरक्षित असली, तरी मात्रा वाढताच हा फरक पुसट होतो. इन्शुलीन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत रक्तातील ग्लुकोज घटल्याची सूचना देणारी धडधड व कंप ही लक्षणे दबून राहतात. घाम मात्र सुटतो, कारण स्वेदग्रंथींचे नियंत्रण बीटा ग्राहींकडे नसते. अशा रुग्णाला ही खूण माहीत असणे अगत्याचे आहे.

प्रॅक्टोलॉलाची हकीकत निराळी. ब्रिटनमध्ये १९७० साली वापरात आलेल्या या औषधाने काही रुग्णांचे डोळे कोरडे पडून स्वच्छमंडलास इजा झाली, त्वचेवर पुरळ उठले व पर्युदर जाड झाले. बीटा-रोधनाने यांचा उलगडा होत नव्हता. १९७५ मध्ये त्याचा सार्वत्रिक वापर थांबविण्यात आला.

हृदयाच्या अकार्यक्षमतेत ही औषधे एके काळी वर्ज्य मानीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत बायसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉल यांनी अशा रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले. मात्र प्रारंभीची मात्रा अत्यल्प ठेवून ती सावकाश वाढवावी लागते.

बरे वाटू लागल्यावर रुग्णाने गोळ्या परस्पर बंद करणे हे कित्येकदा दुष्परिणामांहूनही घातक ठरते. दीर्घकाळ रोधन झाल्याने पेशींवरील ग्राहींची संख्या वाढलेली असते. औषध एकाएकी थांबताच हृदय नेहमीच्या ॲड्रेनॅलिनालाही अतिरेकी प्रतिसाद देते. हृद्‌शूल बळावतो, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येतो. म्हणून वैद्यांच्या देखरेखीखाली एक ते दोन आठवड्यांत मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात.