करडईचे तेल आणि डाळिंबाची साल

हृदयासाठी चांगले म्हणून ज्या करडईच्या तेलाची शिफारस होते, तेच तेल डब्यात लवकर खवट होते. हा योगायोग नाही, दोन्हींचे मूळ एकच आहे. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश वाटा लिनोलेइक आम्लाचा असतो. या आम्लाच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्यामधल्या कार्बनला चिकटलेला हायड्रोजन फार सैल असतो. उजेड, उष्णता किंवा लोखंड-तांब्याचा किंचित अंश मिळाला की तो निसटतो, हवेतला ऑक्सिजन तिथे येऊन बसतो आणि पेरॉक्साइड तयार होते. ते पुढे फुटते, त्यातून निघणाऱ्या पदार्थांचा तो ओळखीचा खवट वास. शिवाय बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, त्यामुळे सुरुवात संथ असली तरी एकदा साखळी सुरू झाली की तेल झपाट्याने उतरते. शेंगदाणा तेलात ज्याचे प्रमाण जास्त असते ते ओलेइक आम्ल याच्या तुलनेत दहापटींहून अधिक सावकाश बिघडते. करडईचे तेल टिकवायचे असेल, तर त्याला इतर तेलांपेक्षा जास्त संरक्षण लागणार हे उघड आहे.

हा प्रश्न परभणीचा आहे, असे म्हणायला कारण आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने करडईवर दीर्घकाळ काम केले आहे. ‘परभणी कुसुम’ म्हणजे पीबीएनएस-१२ हा वाण आणि बिनकाट्यांचा पीबीएनएस-४० इथलेच. १९७६ पासून याच विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालयही आहे. म्हणजे बी आणि तेल, दोन्हींचा अभ्यास करणारी माणसे एकाच आवारात आहेत. तरीही गेल्या चार दशकांत करडईचा पेरा कमालीचा आटला आणि रब्बीची ती जागा मुख्यतः हरभऱ्याने घेतली. काटे, मजुरीचा खर्च, भाव ही कारणे सगळे सांगतात, आणि ती खरीही आहेत. पण गावातल्या घाण्यावर काढलेले तेल उन्हाळ्यात टिकत नाही, हेही कारण त्यांच्या जोडीला मांडले पाहिजे. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की तेल बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. फेब्रुवारी-मार्चला काढणी झाली, लगेच गाळप झाले, की तेलाचे पहिलेच महिने सर्वांत कडक उन्हाचे असतात.

मोठ्या कारखान्यांनी यावर आपला उपाय शोधलेला आहे. रिफाइंड तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ३१९ असा क्रमांक दिसला, तर ते टीबीएचक्यू. ३२० म्हणजे बीएचए आणि ३२१ म्हणजे बीएचटी. हे रेणू आपला हायड्रोजन स्वतःहून देतात आणि बिघाडाची साखळी तोडतात. किलोमागे २०० मिलिग्रॅम ही त्यांची सर्वसाधारण मर्यादा. त्यांना विष म्हणणे चूक होईल. बीएचएला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले असले, तरी त्यामागे मुख्यतः प्राण्यांवरचे मोठ्या मात्रेचे प्रयोग आहेत. नैसर्गिक पर्यायाची बाजू भीती घालून मांडण्याची गरज नाही. खरे कारण असे, की घाण्याच्या तेलाचा ग्राहक ही रसायने घेणार नाही आणि संरक्षणाशिवाय ते तेल टिकणार नाही. वनस्पतींतून मिळणारे संरक्षण आपल्याला नवे नाही. तूप कढवताना विड्याचे पान टाकण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे आणि त्या पानात अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत. तिळाचे तेल इतके टिकते, तेही त्यातल्या सेसमॉलसारख्या घटकांमुळे.

असेच संरक्षण डाळिंबाच्या सालीतूनही मिळू शकते. डाळिंबाच्या फळात जवळजवळ निम्मे वजन सालीचे असते. दाणे काढणाऱ्या आणि रस काढणाऱ्या उद्योगांत ती साल उकिरड्यावर जाते. या सालीत प्युनिकॅलेजिन आणि एलॅजिक आम्लाच्या कुळातली टॅनिने भरपूर आहेत, म्हणूनच तिचा उपयोग पूर्वी रंगाई आणि कातडी कमावण्यासाठी होई. हीच टॅनिने ऑक्सिजनचा हल्ला थोपवतात आणि तेलातले लोखंडाचे अंशही बांधून ठेवतात. २००८ मध्ये पाकिस्तानातील संशोधकांनी सूर्यफुलाच्या तेलात डाळिंब सालीचा अर्क मिसळून पाहिला. किलोमागे ८०० ते ८५० मिलिग्रॅम अर्काने २०० मिलिग्रॅम बीएचटीइतकेच संरक्षण दिले. सूर्यफूल आणि करडई दोन्ही लिनोलेइकप्रधान तेले, म्हणून हा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. १५ किलोच्या डब्याला ८०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १२ ग्रॅम अर्क लागेल. वाळलेल्या सालीच्या पाचव्या हिश्श्याइतका अर्क निघतो असे धरले, तर ६० ग्रॅम सुकी साल, म्हणजे साधारण २०० ग्रॅम ओली साल पुरेल. दोन मध्यम डाळिंबांची साल एका डब्याला! या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. फळांच्या कचऱ्याचा प्रश्न या मार्गाने सुटणार नाही, कारण तेलाला इतकी साल लागतच नाही. लाभ तेलाचा आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे.

आता आक्षेप. सालीतली द्रव्ये पाण्यात विरघळणारी आहेत, ती तेलात कशी मिसळणार? हा खरा अडथळा आहे, पण अभेद्य नाही. सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात जोडउत्पादन म्हणून लेसिथिन मिळते, त्याच्या साहाय्याने अर्क तेलात बारीक विखुरता येतो. दुसरा आक्षेप चवीचा: टॅनिने तुरट असतात आणि रंग आणतात. रिफाइंड तेलाला हे चालणार नाही, पण घाण्याच्या तेलाला मुळातच रंग आणि वास असतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तेल्या रोगाच्या धास्तीने डाळिंबावर फवारण्या होतात आणि फवारणी सालीवरच बसते. अर्क काढताना फवारणीचे अवशेषही सोबत येण्याची भीती आहे. म्हणून रस्त्यावरच्या ज्यूस सेंटरची साल गोळा करून हे काम करू नये. निर्यातीसाठी ज्या बागांच्या फळांवरचे अवशेष तपासलेले असतात, अशाच बागांच्या फळांची साल घ्यावी आणि अर्काची प्रत्येक खेप तपासावी.

चौथी अडचण सरकारी कागदांची. प्रयोगशाळेत मेथॅनॉल चालते, अन्नात नाही. अर्क इथेनॉल आणि पाण्यातच काढावा लागेल. इथेनॉल मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांकडे आहे, पण ते बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. प्रत्येक घाणेवाल्याने तो काढावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. अर्क एका ठिकाणी बनावा आणि घाण्यांनी तयार भुकटी विकत घ्यावी, हाच मार्ग व्यवहार्य दिसतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरीही त्या एका उत्पादकालाच मिळवता येईल. यासाठी वाट तयार आहे: रोझमेरीच्या अर्काला युरोपीय संघाने २०१० मध्ये ई-३९२ क्रमांकाने मान्यता दिली, ती अशाच तपासण्यांनंतर.

एवढी खटपट कशाला, गडद बाटलीत गच्च भरलेले तेल द्या की, असे कोणी म्हणेल. तेही करायलाच हवे. उजेड आणि हवा दूर ठेवल्याशिवाय कोणताही अर्क उपयोगाचा नाही, आणि एकदा खवटलेले तेल अर्काने ताजे होत नाही. पण बाटली उघडल्यावर महिनाभर स्वयंपाकघरात जे होते, ते पुडक्याच्या हाती नसते. ओलेइकप्रधान करडईचे नवे वाण हा दुसरा, अधिक मुळातला उपाय आहे. तो यावा, पण त्याने लिनोलेइकसाठी करडई घेणाऱ्याचा प्रश्न संपत नाही. तळणासाठी मात्र या अर्काचा दावा करू नये. १८० अंशांच्या कढईत ही द्रव्ये किती तग धरतात, ते वेगळे तपासावे लागेल. आधी साठवणीतला फायदा सिद्ध व्हावा.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. अन्नतंत्र महाविद्यालयाने मार्चमध्ये एकाच घाण्याचे परभणी कुसुमचे तेल घ्यावे आणि त्याचे तीन भाग करावेत: एक नुसता, एक सालीच्या अर्काचा, एक टीबीएचक्यूचा. तिन्ही भाग साध्या पत्र्याच्या डब्यांत, पंखा नसलेल्या खोलीत जूनपर्यंत ठेवावेत. दर पंधरा दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य मोजावे आणि त्याच तेलात केलेली भाजी जिंतूर-सेलूच्या गृहिणींना चाखायला द्यावी. ते आकडे आणि त्या बायकांचे मत घाणेवाल्यांपर्यंत पुढच्या पेरणीआधी पोचले, तर शेतकऱ्यालाही करडईचा विचार पुन्हा करता येईल.