तीन पायांचा टिप्या: पाय काढल्यानंतर घरी काय करायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत पाण्याच्या टँकरखाली टिप्याचा मागचा उजवा पाय आला. टिप्या तसा गल्लीचाच कुत्रा. पण रात्री झोपायचा तो धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंच्या दारात, त्यांच्या आठवीतल्या मुलाच्या उशाशी. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हाडाचा चुरा झालाय, पंजा थंड पडलाय. पाय काढावा लागेल."

गल्लीत लगेच दोन तट पडले. काहींचं म्हणणं, इंजेक्शन देऊन मोकळं करा बिचाऱ्याला. एक मावशी आमच्या तोंडावरच म्हणाल्या, "माणसांना औषध मिळंना, अन् तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" प्रश्न खोटा नव्हता, म्हणून आम्ही वाद घातला नाही. मुलगा मात्र टिप्याजवळून हलायला तयार नव्हता. शेवटी ताईंनी उचल घेतली, चार घरांनी हातभार लावला आणि ऑपरेशन झालं.

टिप्याला घरी आणलं तेव्हा आम्हाला वाटलं, यात अवघड ते काय? वॉर्डात इतकी वर्षं पाय काढलेल्या पेशंटची ड्रेसिंग केली आहेत. तिथेच आम्ही चुकलो. ती चूक आधी सांगतो.

आमची अर्धी गोळी

तिसऱ्या रात्री ताई दारात आल्या. "जयभीम ताई, टिप्या नुसता थरथरतोय. झोपतच नाही. काही देऊ का?" घरात ताईंच्या कंबरदुखीची डायक्लोफिनॅकची गोळी होती. आम्हीच सांगितलं, "अर्धी द्या भाकरीत घालून."

सकाळी टिप्याला उलट्या सुरू झाल्या. दुपारी डांबरासारखी काळी शी झाली. काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव, हे नर्सला शिकवावं लागत नाही. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, मी दिलेलं दुखण्याचं औषध आणि तुमची गोळी एकाच घराण्यातली. त्यात माणसाची गोळी कुत्र्याला सोसत नाही." सलाईन, इंजेक्शनं, दोन दिवस दवाखान्याच्या फेऱ्या. टिप्या वाचला, पण मुलगा आठवडाभर आमच्याशी नीट बोलला नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, घरातली कुठलीही दुखण्याची गोळी कुत्र्याला आपल्या मनाने द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. पोटात व्रण पडतात, किडनी आणि लिव्हर जाऊ शकतं. दुखणं कमी होत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. जनावरांना चालणारी औषधं वेगळी असतात आणि ती वजनावर मोजून देतात. दिलेला कोर्स, कुत्रा बरा दिसतोय म्हणून मध्येच बंदही करू नका.

तो गप्प आहे, पण दुखतंय

पेशंट ओरडला की नर्स धावते. गप्प पडलेल्याकडे उशिरा लक्ष जातं, हे आम्ही वॉर्डात पाहिलं आहे. कुत्रा तर बहुतेक वेळा गप्पच सोसतो. त्यामुळे खुणा ओळखायला हव्यात. ऊन नसताना धापा टाकणं, थरथरणं, बसलं तरी आडवं न होणं, कोपऱ्यात तोंड लपवणं, खाणं टाकणं, हात लावताच गुरगुरणं, हे सगळं दुखण्याचं बोलणं आहे.

पाय काढलेली माणसं सांगतात, "नसलेल्या पायात कळ येते." कुत्र्याला सांगता येत नाही. पण तो झोपेतून एकदम केकाटत उठला, जखमेकडे वळून वळून बघू लागला किंवा तिथलं मांस फडफडताना दिसलं, तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसांच्या दुखण्यावर वेगळं औषध असतं.

पहिले चौदा दिवस

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवायची. आंघोळ नाही. हळद, राख, चुना, तेल काही लावायचं नाही. पट्टी असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडायची नाही.

दिवसातून दोनदा उजेडात जखम बघा. पहिले काही दिवस थोडी सूज आणि निळसर डाग असतात, ते हळूहळू ओसरतात. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं धरा. बर्फ थेट कातडीला लावू नका.

चाटण्याने टाके सुटतात, म्हणून गळ्यात कॉलर हवी. विकत घेणं जमलं नाही, तेव्हा मुलाने जुन्या बादलीचा तळ कापला, कडांना चिंधी शिवली आणि ती टिप्याच्या गळ्यात बांधली. वर जुना टी-शर्टही घातला. माश्यांचे दिवस असतील तर मच्छरदाणीत ठेवा. जखमेत अळ्या दिसल्या तर फिनेल किंवा रॉकेल ओतू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भुलीच्या औषधाने दोन-तीन दिवस शी न होणं चालतं, पण लघवी दिवसभरात व्हायलाच हवी. खायला थोडं थोडं, चार वेळा. मऊ भात, उकडलेली कोंबडी किंवा अंडं चालेल. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, शिजवलेली हाडं तर नकोच.

दहा बाय बाराच्या खोलीत

कुत्र्याला चौथ्या पायापेक्षा जास्त गरज असते न घसरणाऱ्या जमिनीची. वस्तीतल्या घरांत आता फरशा आल्या आहेत. त्यावर तीन पायांचा कुत्रा घसरला की टाक्यांवर ताण येतो आणि उभं राहायची भीतीही बसते. ताईंनी दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाट अंथरलं आणि त्याच्या कडा विटांनी दाबल्या. मोरीपुढे फळी आडवी लावली, कारण ओली मोरी सगळ्यांत धोक्याची. पोटमाळ्याची शिडी चढू द्यायची नाही, खाटेवर उडी मारू द्यायची नाही. पंजांची नखं वाढली असतील तर तीही कापून घ्या.

उठवताना टॉवेल पोटाखालून, मागच्या मांडीच्या पुढून घ्यायचा आणि दोन्ही टोकं वर धरायची. ओढायचं नाही, फक्त आधार द्यायचा. पुढचा पाय काढलेला असेल तर आधार छातीखाली. कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला तोल सावरायला थोडं जड जातं. त्याचं भांडं पाटावर ठेवा, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही.

बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतात आणि महिनाभरात बऱ्यापैकी सरावतात. सुरुवातीला दोरी बांधून पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा फिरवा. थकून बसला तर बसू द्या.

गल्लीत सगळे विचारायचे, "पाय अर्धाच का नाही कापला? जयपूर फूट बसवला असता." अर्धा पाय ठेवला तर कुत्रा तो जमिनीला टेकवायला बघतो, आपटतो आणि पुन्हा पुन्हा जखम होते. म्हणून बहुधा पाय वरूनच काढतात. उरलेल्या तीन पायांवर तो चालायला शिकतो.

कधी पळायचं?

जखमेतून पू, घाण वास किंवा थांबत नसलेलं रक्त, टाके उसवणं, पाण्याच्या पिशवीसारखी वाढती सूज, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, सतत उलट्या, काळी शी, दिवसभर लघवी न होणं, एक दिवस उलटूनही काहीच न खाणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि एक लक्षात ठेवा, कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. नुसता हात लावून ताप ठरवू नका.

मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या लोकांना माहीत आहे. जिल्ह्यात आणि तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. जवळ काय सोय आहे, ते आजच विचारून ठेवा.

घरातल्या माणसांसाठी

दुखणारा कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, त्यात त्याचा राग नसतो. लहान मुलांना जखमेजवळ जाऊ देऊ नका. ड्रेसिंगच्या वेळी मऊ पट्टीने तोंड सैलसर बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर मात्र बांधू नका. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्या.

चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत मिळते. पहिल्या इंजेक्शननंतर ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी पुढची इंजेक्शनं घ्यावी लागतात. जखम खोल असेल तर सीरमही लागतं. पाळलेला आहे, ओळखीचा आहे, म्हणून सोडून देऊ नका. रेबीज झाल्यावर माणूस वाचवण्याचा खात्रीचा उपाय नाही.

पुढे

टाके निघाल्यावर एकच पथ्य, वजन वाढू द्यायचं नाही. तीन पायांवर चौघांचं ओझं असतं. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लाडाने सारखं बिस्कीट देणं म्हणजे उरलेल्या सांध्यांवर घाव घालणं.

वॉर्डात पाय गेलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि ते साहजिकच होतं. त्याला रोजगाराची चिंता, घराची चिंता. टिप्याने पाचव्या दिवशी गोणपाटावर उभं राहून शेपूट हलवली आणि भांड्याकडे निघाला. त्याच्याकडे बघून रडणारे आपणच होतो.

त्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाने टिप्याच्या प्रत्येक औषधापुढे बरोबरची खूण केली होती. सकाळ, दुपार, रात्र. चौदा दिवसांत एकही खूण चुकली नाही. तिसऱ्या रात्रीच्या चौकोनात मात्र त्याने लाल पेनाने लिहिलं होतं, "विचारल्याशिवाय गोळी नाही." ते पान आम्ही त्याच्याकडून मागून घेतलं आहे. आमच्या औषधांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे.