मजला बांधणे सोपे, काढणे अवघड!

आमचे धाकटे बंधू गवंडीकाम करतात. मागच्या महिन्यात येलदरीला त्यांच्या घरी गेलो, तर बापलेकांत जुंपलेली. मुलगा बारावीत. जुन्या संगणकावर किल्ला बांधण्याचा खेळ खेळत बसतो. बंधू म्हणाले, "दादा, तुम्हीच सांगा याला. त्यापेक्षा साईटवर आला तर चार पैसे येतील." आम्ही पुतण्याला म्हटले, "आधी दाखव तरी, काय आहे ते."

खेळाचे नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. अमेरिकेतील टार्न व झॅक अॅडम्स या दोघा भावांनी तो २००६ साली लोकांपुढे ठेवला. मूळ खेळात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे आणि खुणा. चित्रांचा विकतचा खेळ डिसेंबर २०२२ मध्ये आला. पुतण्या फुकटातला, अक्षरांचाच खेळतो.

सात बुटके डोंगराशी येतात, तिथून सुरुवात. खडक खोदायचा, खोल्या करायच्या, मजल्यावर मजला चढवायचा. मजल्याची जमीन टाकायची तर दर चौकोनाला एक दगड, ओंडका किंवा घडीव ठोकळा लागतो आणि तो बुटक्याने वाहून आणावा लागतो. नुसता हुकूम देऊन भागत नाही. माणूस मोकळा हवा, माल हवा, वर जायला जिना हवा. नाहीतर कामगार वरच अडकून बसतो!

काढण्याचे काम याहून नाजूक. बांधलेली जमीन काढली की तिचा दगड परत मिळतो. खडकातच कोरलेली जमीन मात्र खणूनच काढावी लागते, मग तिच्या जागी नवी बांधा. मजला भिंतीला जिथे जोडलेला आहे तोच चौकोन आधी काढला, तर पुढचा सगळा भाग खाली येतो. वरचे पडतात, खालचे चिरडतात. कोपऱ्याला कोपरा टेकून चालत नाही, बाजूला बाजू लागावी लागते. म्हणून टोकाचा चौकोन आधी काढायचा, भिंतीजवळचा सर्वांत शेवटी.

बंधू मागे उभे राहून पाहत होते. एकदम म्हणाले, "हे खोटं आहे. एका कडेला धरून एवढा लांब मजला ऱ्हाईल का? टेकू कुठंय? लोखंड कुठंय?"

पुतण्याने कबूल केले की, खेळात एक चौकोन जोडलेला असला तरी मजला कितीही लांब नेता येतो. बंधूंनी त्याची फूटपट्टी घेतली, टेबलाच्या कडेला दाबून पुढे सरकवली. जितकी बाहेर, तितकी वाकते. मग समजावून सांगितले : दोन भिंतींवरचा स्लॅब मधे वाकतो तेव्हा खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून मुख्य लोखंड खाली. बाहेर काढलेल्या गॅलरीचे उलटे, तिचे लोखंड वर. सळ्या पायाखाली दबून खाली गेल्या की गॅलरी गेलीच!

पोरगा ऐकतच राहिला. सातवी शिकलेला आपला बाप हे सगळे जाणतो, हे त्याला त्या दिवशी कळले.

बंधू जरा लंगडतात. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने घाई करून चौथ्याच दिवशी स्लॅबचे टेकू काढायला लावले. कोपरा खाली आला, त्यात यांचा पाय सापडला. पाच महिने घरी बसावे लागले. घर चालवले ते आमच्या भावजयीने, दुसऱ्याच्या शेतात राबून. कामगार मंडळात नोंद नव्हती, म्हणून तिथलीही मदत नाही.

वास्तविक भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा थंडीत याहून जास्त. खेळात पडलेला बुटका दुसऱ्या डावात पुन्हा मिळतो. इथे तसे नाही.

बांधकामावर राबणाऱ्या बंधू-भगिनींनो, टेकूला हात लावण्याआधी स्लॅब कोणत्या दिवशी भरला हे विचारा. वरचा भार कशावर आहे आणि खाली कोण उभे आहे हे पाहा. दिवस भरले नसतील तर सर्वांनी मिळून नकार द्या, एकट्याचे कोणी ऐकत नाही. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात आपले नाव नोंदवा. वय १८ ते ६० हवे आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केलेले हवे.

निघताना बंधू पोराला म्हणाले, "खेळ, पण तासभरच. अन् उद्या मला कागदावर घराचा नकाशा काढून दाखव. टेकू कुठं लावायचे ते मी सांगतो."

पुतण्याने त्याच वेळी वही काढली.