उतरंडीतला घेवडा

दिवाळीची साफसफाई म्हणजे आपल्या बायकांच्या अंगात वारं शिरतं. पण मैत्रिणींनो, २०१४ च्या दिवाळीत माझ्या हातून जे झालं ते आठवलं, की आजही पोटमाळ्यावर चढताना मी दोनदा विचार करते.

आमचं संगमनेरचं घर जुनं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सासूबाईंची गाडग्यांची उतरंड होती. घराला रंग द्यायचा होता आणि सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. मी पदर खोचला आणि सगळं आवरून टाकलं. गाडगी भंगारवाल्यानेही घेतली नाहीत, मग ती उकिरड्यावर गेली. एकात राखेत घोळवलेलं मूठभर बी होतं. जुनं, किडकं असेल म्हणून मी नीट बघितलंही नाही.

सासूबाई आल्या, कोपऱ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, त्यात लाल शिरेचा घेवडा होता." बस्स, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लग्न होऊन आल्या तेव्हा अकोल्याकडच्या माहेराहून त्यांनी तो पदरात बांधून आणला होता. दरवर्षी परसात लावायचा, शेंगा खायच्या आणि पुढच्या पावसाळ्यासाठी बी ठेवायचं, असं चाळीसेक वर्षं चाललं होतं.

आणि मी कोण? तर बचत गटांच्या बैठकांत झाडं लावा, प्लास्टिक टाळा सांगणारी कार्यकर्ती! जैवविविधता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कास पठार नाही तर वाघ यायचा. ती आपल्या गाडग्यातही असते हे डोक्यातच आलं नव्हतं.

म्हटलं, त्यात काय, बाजारातून आणू. दुकानदाराने रंगीत पाकिटं पुढे टाकली. उगवण छान, शेंगाही भरपूर. पण बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर एक वेल असा, एक तसा. मग कळलं, की ते संकरित बी होतं. दोन वेगळ्या वाणांचा संकर केलेला असतो, त्याचे गुण पहिल्या पिढीत एकसारखे दिसतात आणि पुढच्या पिढीत फाटे फुटतात. म्हणून ते दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. संकरित बियाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात टोमॅटोवर घर चालवणाऱ्या बाईला तसं म्हणायला मला तोंडही नाही. पण त्यापायी घरचं बी सुटलं, की ते कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे मात्र मी अनुभवलं.

२०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांची यादी काढली, त्यात आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे होत्या. शाळेची पायरी न चढलेल्या महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी बायफ संस्थेच्या साथीने गावठी वाणांची बीज बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला सगळ्यात आवडली ती त्यांची रीत: बी उसनं न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत करायचं. पूर्वी आपण शेजारणीकडून विरजण नाही का आणायचो, तसंच!

ते वाचलं आणि २०१९ च्या संक्रांतीला सासूबाईंना घेऊन त्यांच्या माहेरी गेले. चार घरं फिरलो. तिघींनी हात हलवले. चौथ्या घरी एका वहिनींनी पावडरच्या डब्यातून अकरा दाणे काढून दिले. अकरा! मी ते रुमालात बांधून आणले. जूनमध्ये लावले, सात उगवले.

गटात सांगितलं तेव्हा कुणी काळा वाल काढला, कुणी आजीचा दोडका. एकीने विचारलं, "ताई, हे बी विकलं तर कुणी केस करील का हो?" नाही करणार. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिला आहे. फक्त नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही.

बी धरताना आपण एक चूक हमखास करतो. चांगल्या शेंगा भाजीला आणि शेवटच्या, उरल्यासुरल्या बियाला. सासूबाई उलट करायच्या. निरोगी वेल हेरून त्याच्या भरदार शेंगांना आधीच दोरा बांधायच्या, म्हणजे कुणी तोडू नये. शेंग वेलावरच वाळू द्यायची, दाणे सावलीत सुकवून राखेत ठेवायचे. घेवड्याचं वाण सहसा शुद्ध राहतं, पण दोडका, भोपळा यांचे परागकण मधमाश्या इकडून तिकडे नेतात, म्हणून त्यांची दोन वाणं जवळजवळ लावू नयेत. आणि दुधी कडू लागला तर खाऊ नये, त्याचं बीही धरू नये. कांद्याचं बी वर्षभरात वापरून टाकावं, पुढे त्याची उगवण फार घटते.

पहिल्या शेंगांची भाजी केली. सासूबाईंनी दोन घास खाल्ले. "चांगलाय. पण हा तो नव्हे. त्याची शीर जास्त लाल होती." मी गप्प बसले. दुपारी बघते तर त्या परसात, हातात पांढऱ्या दोऱ्याची गुंडी.

त्या सात वेलांचं बी पुढे गटातल्या सहा घरांत गेलं. कोण किती मुठी घेऊन गेलं त्याची वही मी ठेवते. गेल्या वर्षी कुंपण मोडून शेजारची शेळी आत शिरली आणि आमचा मांडव बुंध्यापासून साफ करून गेली. एक दाणा उरला नाही. या जूनमध्ये गटातल्या सखूबाईंकडून मूठभर घेवडा आणला, आणि वहीत माझ्याच नावापुढे लिहिलं: दोन मुठी देणे.