घरीं बनविलेला मोटारीचा सायलेंसर

मोटारीच्या पोटाखालून मागें जाणारी ती गंजकी नळी हा कांहीं चारचौघांत बसून बोलण्याचा विषय नव्हे, असें आपणांस वाटेल. मलाहि पूर्वीं तसेंच वाटत असे. परंतु घरीं जुनी मोटार असली आणि तिचा एखादा भाग बाजारांत मिळेनासा झाला, म्हणजे मनुष्यास त्या भागाचें शास्त्र शिकावेंच लागतें. आणि तें अर्धवट शिकल्यास काय होतें, हेंहि मी आज सांगणार आहें.

आमची गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईस कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी बनत असे. शतक पालटण्याच्या सुमारास तें काम थांबलें, तरी मुंबईंत काळ्या-पिवळ्या टॅक्सी धांवत होत्या तोंवर सुटे भाग कोठून ना कोठून मिळत. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस तेथील रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीहि गेली. आमच्या गाडीचा सायलेंसर नेमका त्याच्या पुढच्या पावसाळ्यांत फुटला. अमरावतीच्या दुकानदारानें नुसती मान हलविली. अकोल्याच्या दुकानदारानें दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, चांगल्या जाड नळीचा सायलेंसर पुढें केला व "बसवून देऊं" म्हणाला. मीं तो घेतला नाहीं. कां घेतला नाहीं हें कळावयास या नळीचें कार्य काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असतां दर सेकंदाला शंभर स्फोट होत असतात. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि बाहेरच्या हवेहून कित्येक पट दाबाचा तप्त वायु एकदम सुटतो. फुगा फुटतांना होणारा आवाज व हा आवाज एकाच जातीचे. फरक एवढाच कीं येथें सेकंदाला शंभर फुगे फुटतात. हा आवाज मारण्यासाठीं नळीच्या वाटेवर एक डबा बसवितात. त्याच्या आंत आडव्या भिंती घालून दोन-तीन खोल्या केलेल्या असतात व नळीला बारीक भोकें असतात. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात आणि मागून येणाऱ्या लाटांस बऱ्याच अंशीं निष्प्रभ करतात. दुसऱ्या एका प्रकारांत भोकांची सरळ नळी असून तिच्या भोंवतीं कांचेच्या तंतूंचा लोकरीसारखा थर असतो. तो आवाज शोषून घेतो. अमेरिकेंत रीव्हज बंधूंनीं १८९७ सालीं असल्या डब्याचें पेटंट घेतलें, म्हणजे ही युक्ति मोटारीइतकीच जुनी आहे.

आतां नळीच्या जाडीचा प्रश्न. नळी जितकी रुंद तितकें इंजिन मोकळें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खरी नव्हे. आमच्या वऱ्हाडांतील वडील मंडळींना मूर्तिजापुराहून अचलपूर व यवतमाळ या दोन्ही बाजूंस जाणारी शकुंतला रेल्वे आठवत असेल. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. त्या इंजिनाचा जो छुक्-छुक् आवाज येई, तो काम करून मोकळ्या झालेल्या वाफेचा. ती वाफ एका निमुळत्या तोंडांतून धुराड्यांत जोरानें सोडलेली असे, आणि तिच्या ओढीनें भट्टींतील धूर बाहेर खेंचला जाऊन विस्तव फुलत राही. तोंड फार रुंद केलें तर वाफेचा वेग जाई व ओढ मंदावे. फार अरुंद केलें तर वाफ सिलिंडरांतच अडून राही. मोटारीच्या नळीचें गणित याहून निराळें नाहीं. वायूचा प्रत्येक लोट आपल्यामागें किंचित् पोकळी ठेवून जातो आणि ती पोकळी सिलिंडरांत उरलेला धूर ओढून घेते. नळी अवाजवी रुंद असली कीं लोट मंदावतो, थंड होतो, आणि चढावर कमी वेगांत गाडी रडूं लागते. म्हणून कारखान्यानें ठरविलेला व्यास सोडूं नये, हा पहिला नियम.

हा व्यास मोजावयास यंत्र लागत नाहीं. जुन्या नळीला दोरा गुंडाळला, तो पट्टीवर मोजला. परीघ सुमारें १२ सेंटिमीटर भरला. त्यास बावीस-सप्तमांशानें भागलें म्हणजे ३८ मिलिमीटर व्यास आला. शाळेंत शिकविलेलें भूमितीचें हें सूत्र स्वतःच्या घरीं कामास आलें याचा मला झालेला आनंद घरच्या मंडळींना समजला नाहीं.

नळी कसली घ्यावी? टेबल-खुर्च्यांसाठीं वापरतात ती साध्या पोलादाची सोळा गेजची नळी पुरते. पाण्याच्या नळाचा जस्त चढविलेला पाइप स्वस्तांत हातीं येतो, पण तो मुळींच घेऊं नये. वेल्डिंगच्या उष्णतेनें जस्ताची वाफ होते, आणि ती श्वासाबरोबर गेली कीं सायंकाळीं थंडी वाजून हिंवतापासारखा ताप भरतो. स्टेनलेस पोलाद टिकाऊ खरें. परंतु तें महाग, आणि त्याचें वेल्डिंग करणारा हातहि तितकाच तयार लागतो.

नळी गंजते ती बाहेरच्या चिखलापेक्षां आंतल्या पाण्यानें अधिक, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून जवळ जवळ एक लिटरच पाणी तयार होतें. इंजिन चांगलें तापलेलें असतां तें वाफ होऊन निघून जातें. घरापासून भाजी-बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीची नळी तापतच नाहीं, आणि तें आम्लयुक्त पाणी डब्याच्या तळाशीं सांचून पत्रा खातें. आमच्या सायलेंसराचा मृत्यु असाच झाला होता. म्हणून नव्या डब्याच्या सर्वांत खालच्या भागीं तीन मिलिमीटरचें एक भोंक ठेवावें.

डब्याचें काम मीं घरीं केलें. आंतल्या नळीला किती भोकें पाडावीं, याचाहि हिशेब आहे. नळीचा आंतला व्यास ३५ मिलिमीटर, म्हणजे तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ ९६२ चौरस मिलिमीटर. तीन मिलिमीटरच्या एका भोकाचें क्षेत्रफळ सुमारें ७. तेव्हां वायूला अडथळा न होण्यास निदान १३६ भोकें हवींत. मीं तीनशें पाडलीं. चार दुपारी त्यांत गेल्या आणि ड्रिलचे दोन बिट मोडले. नळीला बांक देण्याचें काम मात्र बडनेरा रस्त्यावरील एका मिस्त्रीनें केलें. रिकामी नळी वाकविली तर बांकाशीं ती चेपते. म्हणून तींत कोरडी रेती ठासून भरावयाची, दोन्ही तोंडांस लांकडी गुट्टे मारावयाचे, आणि नळी लाल होईपर्यंत तापवून सांवकाश वाकवावयाची. रेती ओली राहिली तर आंत वाफ कोंडते व गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. मिस्त्रीनें ती रेती आदल्या दिवशीं तव्यावर भाजून ठेविली होती, यावरून त्याचा अनुभव ध्यानांत यावा.

गाडीखालीं शिरावयाचें तर ती नुसत्या जॅकवर कधींच ठेवूं नये. चारी बाजूंस लोखंडी घोड्या द्याव्या. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी. पेट्रोलची टाकी मागील बाजूस आहे हें विसरूं नये. शेवटचें वेल्डिंग नळी गाडीखालून काढून, अंगणांत करावें. आणि नळी गाडीला घट्ट आंवळून टाकूं नये. दोन मीटर लांबीचें पोलाद तीनशें अंशांनीं तापलें कीं सात मिलिमीटर वाढतें. त्या वाढीला वाव मिळावा म्हणूनच ती रबराच्या कड्यांत टांगलेली असते.

इतकें सारें केल्यावर गाडी सुरू केली. आवाज सौम्य, धूर स्वच्छ. मिस्त्री वाकून कान देत होता. तो म्हणाला, "गुरुजी, पाइप कसाई चालते, पन सांधा कच्चा नाई रायला पायजे. पुढचा सांधा एकडाव पाहून घ्या." मीं तें मनावर घेतलें नाहीं. शिवाय मागची नळी मीं डिकीच्या खालींच संपविली होती, कारण हाताशीं असलेली लांबी तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशीं पत्नी व सहा वर्षांची नात यांना घेऊन अकोल्यास निघालों. पाऊस होता, म्हणून कांचा बंद. बडनेरा सुटल्यावर पुढें लोणी ते माना हा तोच रस्ता, कीं जेथें २०२२ च्या जून महिन्यांत एकपदरी ७५ किलोमीटरच्या हिशेबानें डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून जागतिक विक्रम नोंदविला गेला. रस्ता गुळगुळीत, नळी एकदांहि खडखडली नाहीं, आणि मी आपल्या कारागिरीवर खूष होतों. माना मागें पडलें तोंच पत्नी म्हणाली, "अहो, डोकं फार दुखतंय, मळमळतंय." मीं म्हटलें, रिकाम्या पोटीं निघाल्यामुळें असेल. थोड्या वेळानें तिनें नातीला हांक मारली. नात उत्तर देईना. ती झोंपली आहे असें मला वाटलें. पण हलवूनहि ती नीट डोळे उघडीना, तेव्हां माझे हात गळाले.

गाडी कडेला घेतली, दारें उघडलीं आणि तिला उचलून भर पावसांत बाभळीखालीं उभा राहिलों. पांच-सात मिनिटांनीं तिनें ओकारी केली व "आबाजी, पानी द्या" म्हणाली. मूर्तिजापुरास डॉक्टरांनीं तिला प्राणवायु दिला आणि मला जें बोलावयाचें तें बोलले.

यांतील दोषी कार्बन मोनॉक्साइड. तो पेट्रोल अपुरें जळण्यानें होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्याला दोनशें पटींहून अधिक आवडीनें धरून ठेवतें, म्हणून हवेंत तो थोडा असला तरी रक्तांत सांचत जातो. लहान मुलांचा श्वासोच्छ्वास जलद, त्यामुळें त्यांना तो आधीं बाधतो. पुढचा कच्चा सांधा तो इंजिनाच्या बाजूनें आंत सोडीत होता. शिवाय धांवत्या गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो व तेथील धूर डिकीच्या फटींतून परत आंत ओढला जातो. नळी मागच्या बंपराच्या बाहेर काढतात ती शोभेसाठीं नव्हे. कांचा बंद असल्यानें उरलेली वाटहि मिटली होती. गाडींत दोघांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें तर चहा पिण्याचा विचार न करतां आधीं गाडी थांबवून बाहेर पडावें.

सांधा तपासण्याची रीत अगदीं सोपी आहे आणि ती मीं त्या दिवशीं केली नव्हती. इंजिन थंड असतां तें सुरू करावें, दुसऱ्या कोणाकडून मागच्या तोंडाशीं जाड ओलें फडकें क्षणभर दाबून धरवावें, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी सोडावें. जेथें बुडबुडा येईल तेथें गळती. सर्व सांधे पक्के असतील तर इंजिन गुदमरून बंद पडूं पाहतें. हें काम उघड्या अंगणांतच करावें. बंद गॅरेजमध्यें कदापि नाहीं. पुढच्या सांध्याचें गॅस्केट मीं बदललें, मागची नळी हातभर वाढविली, आणि हीच परीक्षा तीनदां घेतली.

कायद्याबद्दल दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं. जसा होता तसाच भाग पुन्हां करून बसविणें ही दुरुस्ती; आवाज वाढविण्यासाठीं आंतील भिंती काढून टाकणें हा गुन्हा. आवाज व धूर यांचे नियम मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊं शकतात. बुलेटला फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेंसर लावून रात्रीं गल्ल्या जागविणाऱ्या तरुणांचे ते सायलेंसर महाराष्ट्रांतील कांहीं शहरांत पोलिसांनीं रोडरोलरखालीं चिरडले आहेत. मला त्या तरुणांचा राग येतो, पण त्यांच्या वेल्डरांचा अधिक येतो.

अलीकडच्या गाड्यांना मात्र माझी ही कृति लागू नाहीं. त्यांच्या नळींत चिनी मातीच्या पोळ्यासारखा एक भाग असतो; त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो, व त्याच्या स्पर्शानें विषारी वायु बराचसा निरुपद्रवी होतो. शेजारीं प्राणवायु मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल किती सोडावें हें ठरतें. तेथें छिन्नी-हातोडा चालवूं नये. ती नळी महाग पडली तरी विकतच घ्यावी. माझी गाडी या युक्तीच्या आधींची होती म्हणूनच मला हें करतां आलें.

आतां गाडी चांगली चालते. थंडीच्या दिवसांत सकाळीं सुरू केली कीं पहिलीं पांच मिनिटें डब्याच्या त्या बारीक भोकांतून पाणी ठिबकत राहतें. त्याखालीं तुळशीची कुंडी ठेवूं कां, असें नात विचारीत होती. नको म्हणून सांगितलें. त्या पाण्यांत आम्ल असतें.