नंबरप्लेट नवी, उजेड जुनाच

हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि वसई-विरारच्या, म्हणजे एमएच ४८ च्या जुन्या गाड्यांना एकेक करत चकचकीत पाट्या लागल्या. ही सक्ती १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या, म्हणजे किमान सहा पावसाळे काढलेल्या गाड्यांना होती. हेडलाइट धुरकट, पिवळट आणि ओरखड्यांनी भरलेले दिसतात ते याच वयाच्या गाड्यांचे. पाटीसाठी मुदत होती, दंड होता. उजेडाची विचारपूस कुणी करत नाही. रात्री चिंचोटीहून विरार फाट्याकडे गाडी हाकणाऱ्याचा जीव मात्र उजेडावरच असतो.

प्रीमियर पद्मिनीच्या काळी हेडलाइटला खरी काच असे. आता पॉलिकार्बोनेट असते. ते दगड बसला तरी सहसा फुटत नाही, पण वाळूच्या कणांनी त्यावर ओरखडे पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉनचा कडक, पारदर्शक थर चढवतात. तो थर गेला की हेडलाइट धुरकट होऊ लागतो.

आपल्याकडे त्याला झिजवणाऱ्या गोष्टी भरपूर. हायवेवरच्या डंपरची धूळ, अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यावरची वाळू, दिवसभर उन्हातले पार्किंग. पण माझा मुख्य आक्षेप सोसायट्यांमध्ये भल्या पहाटे फिरणाऱ्या कोरड्या फडक्यावर आहे. धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच. आधी पाणी मारा, मग पुसा.

ओरखड्यांनी प्रकाश नुसता कमी होत नाही, तो विखुरतो. रस्त्यावर पडायचा तो वर आणि बाजूला फाकतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी जास्त वॅटचा किंवा एलईडी बल्ब बसवून घेणारे स्वतःचा आणि समोरच्याचाही धोका वाढवतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, काळवंडलेल्या हेडलाइटची चाचणी घेतली. नव्याच्या तुलनेत उजेड जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता. दुरुस्तीनंतर तो साधारण ७० टक्क्यांवर आला. पूर्ण उजेड नवीन हेडलाइटनेच मिळतो, हे खरे. पण २० वरून ७० वर येणे किरकोळ नाही, आणि धड असलेली वस्तू भंगारात घालण्याआधी हा प्रयत्न व्हायलाच हवा.

काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. हेडलाइट धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावायची. मग वॉटर पेपर: ८०० नंबरने सुरुवात, पुढे १०००, १५००, २००० आणि शेवटी ३०००. पाणी सतत सोडत राहायचे आणि दर नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसते. या टप्प्यावर हेडलाइट दुधाळ दिसतो, घाबरू नये. त्यानंतर कंपाउंड आणि फोमचे बफिंग, तेही एका जागी मशीन न रोखता, नाहीतर प्लास्टिक तापून बिघडते.

टूथपेस्टच्या व्हिडिओंवर माझा भरवसा नाही. टूथपेस्ट घासते, चमक आणते, पण उघडे पडलेले पॉलिकार्बोनेट उघडेच ठेवते. वाफेच्या कपाचा प्रकार त्याहून वाईट. डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावणाची वाफ पृष्ठभाग विरघळवून गुळगुळीत करते. पाच मिनिटांत काचेसारखे दिसते खरे, पण ती वाफ कारागिराच्या फुफ्फुसात जाते आणि संरक्षक थर शून्य. पेट्रोल, थिनर, नेलपेंट रिमूव्हर तर लावूच नका. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

खरी दुरुस्ती बफिंगनंतर सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढून अतिनील (यूव्ही) किरण अडवणारा क्लिअर कोट चढवला नाही, तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. गॅरेजमध्ये भाव ठरवण्याआधी विचारा: वरून कोट कोणता मारणार, तो यूव्हीचा आहे का? नुसते ‘पॉलिश मारून देतो’ असे उत्तर आले, तर दुसरे गॅरेज बघा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. वसईच्या दमट हवेत स्प्रेचा कोट वाळताना पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी दुपार उत्तम.

नख अडकेल इतका खोल चर असेल, तर ६०० नंबरपासून सुरुवात करावी लागते. प्लास्टिकच्या आत जाळीसारखे तडे असतील किंवा आत पाणी साचत असेल, तर वरून कितीही घासा, उपयोग नाही. तिथे हेडलाइट बदलण्याचाच खर्च करावा.